सापडण्याचे ठिकाण

बांधावरचा जुना, वरून थोडा मुरलेला काळा दगड घ्यावा, त्याच्यावर तोंडाने उबदार श्वास सोडावा आणि लगेच हुंगावा. वळवाच्या पहिल्या सरीनंतर अंगणाला येतो तसा, पण फार पुसट वास येतो. भूशास्त्रात ही दगड ओळखण्याची एक रीतसर परीक्षा आहे. पण वर्गात मी ती पहिल्यांदा करून दाखवली तेव्हा सातवीची पोरं बाकांवर लोळून हसली. बाई दगडाचा पापा घेतात! आणि मग पाचच मिनिटांत सगळा वर्ग आपापला दगड नाकाशी धरून डोळे मिटून बसला होता. त्या मिटलेल्या डोळ्यांच्या ओळी आठवल्या की निवृत्तीनंतरची दुपार उगाच लांबल्यासारखी वाटते.

आमची शाळा सिन्नरच्या पलीकडे माळरानावर. तिथे दगडांना तोटा नव्हता आणि किंमतही नव्हती. ते चिंचा पाडायला होते, शेळ्या वळवायला होते. तरी धड्यातले ‘अग्निजन्य, गाळाचे, रूपांतरित’ मुलं पाढ्यासारखं म्हणायची. त्या शब्दांचा खिडकीबाहेरच्या माळाशी काही संबंध असेल असं त्यांना वाटत नसे. खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं मलाही वाटत नव्हतं. मीही पाढाच शिकवत होते.

ते बदललं एका लिंबामुळे. डब्यातली फोड कुणाच्या तरी हातून शहाबादी फरशीवर पडली, आणि मला एकदम आई आठवली. ओट्याच्या काळ्या कडाप्प्यावर लिंबू चिरलं की ती ओरडायची, कारण तिथे पांढुरका डाग पडायचा आणि कितीही घासला तरी निघायचा नाही. कडाप्पा काय, शहाबादी काय, दोन्ही चुनखडकच. आम्ल लागलं की दगड थोडा थोडा विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. मुलांना मी फरशीचा एक फुटका तुकडा खिळ्याने खरवडायला लावला आणि त्या भुकटीवर लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे आले. तोच रस बाहेरच्या काळ्या फत्तरावर पिळला, तर तो ढिम्म. ज्या फरशीवर आपण मांडी घालून बसतो ती कधीकाळी पाण्याच्या तळाशी साचलेला गाळ होती आणि बाहेरच्या डोंगरांहून ती कितीतरी जुनी आहे, हे सांगताना माझा आवाज आपोआप खाली आला. मुलं पाय उचलून फरशीकडे पाहत होती.

मग पिशवी भरत गेली. तुरटी, सैंधव, गेरू, अभ्रकाचे पापुद्रे, संगमरवराची खपली. बरंचसं किराणा दुकानातलं किंवा बांधकामाच्या ढिगाऱ्यातलं. न्हाणीघराच्या टाइलची खरखरीत पाठ कस लावायला. नख, तांब्याची तार, खिळा, काचेचा तुकडा: कोण कुणाला ओरखडतं याचा खेळ तासन्‌तास चाले. फ्रीडरिक मोस यांनी १८१२ मध्ये दहा खनिजांची अशीच एक उतरंड लावली. तळाशी नखानेही खरवडलं जाणारं संगजिरं, सातव्या पायरीवर आपली गारगोटी, नववा कुरुंद, शेवटी हिरा. या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. कुरुंद आणि हिरा यांच्यातलं अंतर खालच्या सगळ्या पायऱ्यांच्या बेरजेहून मोठं आहे. मुलांना यात नवल वाटलं नाही. पहिल्या नंबरातलं आणि दुसऱ्यातलं अंतर त्यांना ठाऊक होतंच.

पण मला सगळ्यात आवडायचा तो भोकाभोकांचा दगड. विहीर खणणारे त्याच्या एका जातीला मांजऱ्या म्हणतात. तो हातात घेऊन एक मुलगी म्हणाली, “बाई, ही तर आंबोळी.” मी इतकी वर्षं शोधत होते ती उपमा तिने डब्याचं झाकण उघडता उघडता दिली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरावर थर पसरत गेला. त्यातले वायू वर येता येता तो निवला आणि बुडबुड्यांच्या जागा तशाच राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपलं, आणि त्याने आणलेल्या द्रव्यांचे स्फटिक आतल्या अंधारात वाढत राहिले. त्यांतल्या एका कुळाला क्रोनस्टेड या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ मध्ये झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड, असं नाव दिलं, कारण तापवला की तो आतलं पाणी सोडत फुगतो. स्टिलबाइटचा पापुद्रा चिमट्यात धरून दिव्यावर नेला की मागच्या बाकावरचेही पुढे येत.

सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात आम्ही सहल नेली होती. हिरवट अपोफिलाइट, सुयांच्या झुपक्यासारखा स्कोलेसाइट, पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतला निळाभोर कॅव्हनसाइट. सगळं काचेआड, सुरेख उजेडात. मुलं हात मागे बांधून शहाण्यासारखी फिरली. परतताना मात्र गाडीत कुणी फारसं बोललं नाही. सौंदर्याला काच लागतेच, हे मला कळतं. तरी त्या मागे बांधलेल्या हातांचं काहीतरी मनात राहिलं.

आमच्या संग्रहाला काच नव्हती. बुटांची खोकी होती, आणि प्रत्येक नमुन्याला मुलांनीच लिहिलेली चिठ्ठी: क्रमांक, नाव, सापडण्याचे ठिकाण.

एका श्रावणात एका अबोल मुलाने रुमालात बांधून दगडाची खपली आणली. एका अंगाने खडबडीत, दुसऱ्या अंगाने गुळगुळीत, आणि त्या गुळगुळीत अंगावर टाकीचे बारीक बारीक खळगे. जुनं घर पाडताना आजीचा पाटा फुटला होता. आजी त्याआधीच्या उन्हाळ्यात गेली होती. खळग्यांत अजून किंचित पिवळं दिसत होतं. कुणीतरी सवयीने खिळा पुढे केला, तेव्हा त्याने दगड छातीशी धरला. मीही खिळा बाजूला ठेवला. वर्गाने नुसता हात फिरवून तो पाहिला, एकामागून एक.

नंतर त्याने खाली मान घालून चिठ्ठी लिहिली. ती अजून माझ्या पिशवीत आहे, दगड तो घरी घेऊन गेला.

क्रमांक ४१. नाव: बेसॉल्ट. सापडण्याचे ठिकाण: आमचं सैपाकघर.