सात आणि बारा

आयुष्यात मी कधी नांगर धरलेला नाही. कुंडीतली तुळसदेखील माझ्या हातून दोनदा वाळली आहे. तरीही वर्षातून तीनदा शेतकरी म्हणून माझा सन्मान होतो. मोबाइल टिणटिणतो आणि खात्यात २,००० रुपये जमा झाल्याचे कळते. २०१९ साली सुरू झालेल्या पीएम किसान योजनेचे हे पैसे, वर्षाचे ६,०००. २०२३ पासून राज्य सरकारनेही 'नमो शेतकरी' म्हणून तेवढीच भर घातली. पहिला हप्ता आला त्या दिवशी सौभाग्यवतींनी 'घ्या, बळीराजे!' म्हणत चहा पुढे केला. मीही मिशीत हसलो.

या सन्मानाचे मूळ सातबाऱ्यात आहे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी वडिलांच्या मागे दीड एकर माझ्या नावावर चढली. ती कसतात तात्या. तीस वर्षे, निम्म्या वाट्याने, तोंडी बोलीवर. सातबारा हा तसा दोन कागदांचा संसार. सात नंबरचा नमुना जमीन कोणाची ते सांगतो, बारा नंबरचा तीत काय पिकले ते. तात्यांचे आयुष्य बारात गेले. सरकार पैसे देते ते सात पाहून.

मध्यंतरी ई-केवायसीसाठी अंगठा द्यावा लागला. गावातल्या सेवा केंद्रात तात्याच मला घेऊन गेले. यंत्राने माझा अंगठा पहिल्या फटक्यात ओळखला. तात्या कौतुकाने म्हणाले, "आण्णा, तुमचा अंगठा लई गुळगुळीत. माझा रेशनच्या दुकानात चारदा दाबावा लागतो. रेघाच ऱ्हायल्या न्हाईत." त्या रेघा कुठे झिजल्या, हे मला कोणी सांगायला नको होते.

गेल्या पाडव्याला गावी गेलो, तेव्हा हा सल मनात होता. त्या वर्षी काढणीच्या तोंडावर पावसाने सोयाबीन कुजवले होते. नुकसानभरपाई आली तीही माझ्याच नावावर. ती मी तात्यांना दिली, वर सन्मानाच्या पाचशेच्या चार नोटा ठेवल्या. तात्यांनी पैसे मोजून मुंडाशात खोचले. मग मातीकडे पाहत म्हणाले, "आण्णा, पैसं न्हाई दिलं तरी चालंल. पर एक कागूद करून द्या. वाटेकऱ्यालाबी पीक विमा मिळतो म्हणत्यात, पर करार दावाय लागतो. कुठंतरी माझं नाव असू द्या."

मी गप्प झालो. १९४८ च्या कुळकायद्याने पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवला. त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. आमची आठ एकर अशीच गेली. कसणाऱ्याकडे गेली, म्हणजे योग्य जागी गेली, असे मी चारचौघांत नेहमी म्हणत आलो आहे. पण वडिलांनी मरण्यापूर्वी मला बजावले होते, "कुणाला काही लिहून देऊ नकोस." घरोघरच्या वडिलांनी हेच बजावले असावे. कसणाऱ्याचे नाव कागदावर यावे म्हणून कायदा झाला आणि त्याच्याच धास्तीने कसणाऱ्याचे नाव कागदावरून गेले!

"बघू, तात्या," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले आणि बैलांना ओवाळायला उठले.

नोटा काढताना माझा हात क्षणभरही अडखळला नव्हता. पेनही त्याच खिशात होते.

आज तेच पेन हातात आहे. एवढा मजकूर त्याने भराभर लिहिला. यंदाही पाडव्याला गावी जायचे आहे. तात्या कागदाचे विचारणार नाहीत. त्यांचे विचारून झाले आहे.