गाडीची पत्रिका बघितलीत का?

सेकंडहॅण्ड गाडी घेताना आपण काय काय बघतो? किलोमीटर, टायर, कागदपत्रं. फार तर बॉनेटवर टकटक करून पत्रा तपासतो! पण डिकीत, स्टेपनीच्या खळग्यात चिकटवलेला एक छोटा पांढरा स्टिकर मात्र कुणी वाचत नाही. बॉस, खरा फंडा तिथेच आहे.

आमच्या सांगवीत गल्लीतली कितीतरी पोरं रोज चाकणला कामाला जातात. त्यामुळे चाकणला बनलेल्या फोक्सवॅगन पोलोचं इथे भारी कौतुक. २०२२मध्ये तिचं उत्पादन थांबलं, तरी 'जीटी'वरचा जीव तसाच आहे. पोर्श पोस्टरवर, जीटी पार्किंगमध्ये!

माझ्या आतेभावाला अशीच एक २०१५ची पांढरी जीटी टीडीआय आवडली. आयुष्यातली पहिली गाडी, तीन वर्षांची बचत. विकणारा साध्या पोलोपेक्षा चक्क पाऊण लाख जास्त मागत होता. "दादा, एकदा बघून घे ना!" म्हणाला. मी डिकी उघडली, मॅट उचलली आणि वाचायला लागलो.

सर्वांत वर चासी नंबर. १७ अक्षरं-आकडे, पण त्यात आय, ओ, क्यू कधीच नसतात. एक आणि शून्याशी घोटाळा नको म्हणून. सुरुवात 'एमईएक्स', म्हणजे जन्म चाकणचा. दहावं अक्षर 'एफ', म्हणजे २०१५चं मॉडेल. रंगाचा कोड 'एलबी९ए', म्हणजे कॅण्डी व्हाइट. गाडीही पांढरीच. इथवर पत्रिका जुळली! खाली तीन-तीन अक्षरी कोडची रांग. कारखान्यात काय काय बसवलं, त्याची ही यादी. उदाहरणार्थ 'एल०आर' म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे. पोर्श ९११च्या पुढच्या बॉनेटखालीही असाच स्टिकर असतो आणि जाणकार गिऱ्हाईक आधी तोच वाचतं.

मग इंजिनाची ओळ आली. ६६ किलोवॅट. इथेच पाल चुकचुकली. किलोवॅटला १.३६ने गुणलं की हॉर्सपॉवर मिळते. ६६ म्हणजे साधारण ९०. त्या सालच्या जीटी टीडीआयला हवी १०५, म्हणजे ७७ किलोवॅट. दोन्ही इंजिनं दीड लिटरचीच, गिअर दोन्हींना पाच, आरसीवर सीसीही सेम. फरक ताकदीचा आणि मागच्या दोन अक्षरांचा. अक्षरं काय, बाजारात विकतही मिळतात!

विकणाऱ्याला स्टिकर दाखवला. "मी घेतली तेव्हाच जीटी लिहिलेलं होतं हो," तो म्हणाला. असेलही. त्याने तरी कुठे डिकी उघडून वाचलं होतं? पाऊण लाख मात्र निमूट कमी झाले.

गाडी घरी आली. आत्याने नारळ फोडला, आणि आतेभावाने हेअर ड्रायर आणून 'जीटी' अलगद सोडवलं. ती अक्षरं डॅशबोर्डच्या कप्प्यात जपून ठेवलीयत. खरी जीटी घेईन तेव्हा लावीन म्हणतो!