दादाच्या वर्षश्राद्धाचे पैसे

परळ, मुंबई

चि. मृणाल हिला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दादाच्या वर्षश्राद्धाला गावजेवण न घालता तो पैसा टाटा कॅन्सर हॉस्पिटलबाहेरच्या रुग्णांसाठी खर्च करायचा, हे तू आणि वहिनीने ठरवलंत ते मला मनापासून पटलं. पण ‘एक दिवस पुरी-भाजी आणि बुंदीचे लाडू वाटू, आत्या, तू फक्त केटरर बघून ठेव’ असं जे लिहिलं आहेस, त्यावर मला थोडं सांगायचं आहे.

इथल्या फुटपाथवर बसलेल्या माणसांना आपण बेघर म्हणतो, पण त्यातल्या बहुतेकांचं घर कुठेतरी आहे. कुणाचं बिहारमध्ये, कुणाचं बंगालमध्ये, कुणाचं आपल्या अचलपूरकडे. आजाराने त्यांना त्या घरातून उठवून इथे आणलं आहे. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला रेडिएशन देतात, रुग्ण त्याला ‘शेक’ म्हणतात. सोमवार ते शुक्रवार रोज जायचं, सहा-सात आठवडे. आत काही मिनिटांचं काम, पण तेवढ्यासाठी रुग्ण आणि सोबतचं माणूस, दोघांनी दीड-दोन महिने मुंबईत राहायचं. मधेच गावी जाऊन येऊ म्हटलं तर खंड पडतो, आणि खंड पडला की उपचाराचा गुण कमी होतो. उपचाराचा खर्च सरकारी योजनेतून निघाला तरी खोलीचं भाडं आणि बाहेर राहतानाचं रोजचं जेवण त्यात सहसा बसत नाही. शिवाय मजुरी करणारी दोन्ही माणसं इथे असली की गावची कमाईही थांबते. सुरुवातीला लॉज, मग कुणा गाववाल्याची खोली, मग त्या गाववाल्याची अडचण, आणि शेवटी निळी ताडपत्री. घर असलेला माणूस मुंबईत बेघर होतो तो असा, पायरीपायरीने.

उपासमार त्याच्या मागोमाग येते, आणि ती आधी सोबत आलेल्या माणसाची होते, हे मला इथे राहूनच कळलं. रुग्णासाठी दूध येतं, केळं येतं. बायको किंवा आई मात्र ‘मी मघाशी खाल्लं’ म्हणते. तीच फाईल घेऊन रांगेत उभी असते, तीच औषधं आणते. ती चक्कर येऊन पडली तर रुग्णाला आत कोण नेणार?

आता पुरी-भाजीबद्दल. शेक सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलून निघतं. पाण्याचा घोटही झोंबतो. पुरी चावणं, मसाल्याची भाजी गिळणं या रुग्णांच्या आवाक्यातलं नसतं. त्यांना लागतो मऊ भात, पातळ वरण, नाचणीची पेज. काहींच्या नाकात नळी असते, त्यांना सगळं गाळून, दाण्याचा कण न ठेवता द्यावं लागतं. केमो चालू असेल तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात आणि साध्या बाधेशी लढायचीही ताकद राहत नाही, म्हणून चिरून ठेवलेली फळं, सकाळी करून दुपारी वाटलेलं अन्न धोक्याचं. मी स्वतः पाहिलं आहे, लाडवाचा पुडा हातात घेऊन माणसं नुसती बसून राहतात. देणाऱ्याचा हात मागे फिरू नये म्हणून घेतात. सणावारी आणि पितृपक्षात इतकं अन्न येतं की उरतं, आणि जुलैतल्या एखाद्या मुसळधार मंगळवारी कुणी फिरकत नाही. भूक मात्र मंगळवारीही लागते.

म्हणून रोज, ठरल्या वेळी, ठरलेल्या जागी अन्न देणारी माणसं मला मोलाची वाटतात. हरखचंद सावला यांचा जीवनज्योत ट्रस्ट इथे कित्येक वर्षं तेच करतो आहे.

पण मृणाल, अन्नाइतकंच किंवा काकणभर जास्तच, छप्पर लागतं. फुटपाथवरच्या बायका संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत, कारण रात्री संडासला कुठे जायचं? आणि डॉक्टर तर भरपूर पाणी प्या म्हणून सांगतात. पावसात फाईल भिजते. धूळ, डास, उंदीर, रात्रभर गाड्या, झोप नाही. छप्पर मिळालं की चूल मिळते, पेज करता येते, कपडे धुऊन वाळवता येतात. आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस आपल्यापेक्षा तीन आठवडे पुढे असतो. ‘हे दुखणं जातं, मला पण झालं होतं’ हे त्याच्या तोंडून ऐकल्यावर जो धीर येतो तो आमच्यासारख्यांनी दिलेल्या धीराने येत नाही.

तू कायद्याची विद्यार्थिनी, तेव्हा हे शोधून वाच: शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे किमान एक कायमचा, बारा महिने चालणारा निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये बजावलं. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास होती. म्हणजे किती निवारे व्हायला हवेत, तूच हिशेब कर. तेवढे आजही नाहीत, आणि मला याची चीड येते. संस्थांनी ही पोकळी भरावी हे ठीक, पण सरकारने त्यावर निवांत बसावं हे ठीक नाही.

संस्थांमध्ये माझं मन कुठे ओढ घेतं ते तुला ठाऊक आहे. गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. पूर्णेकाठी ऋणमोचनला त्यांनी घाट बांधला. पंढरपुरात ज्यांना कुणी ओसरीवरही टेकू देत नव्हतं त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली, आणि 1949 मध्ये ती बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. स्वतः मात्र अंगावर चिंध्या आणि हातात गाडगं एवढ्यावरच राहिले. भुकेल्याला अन्न आणि बेघराला आसरा ही त्यांनी सांगितलेल्या दहा कामांतली दोन. वारकऱ्याला परगावी टेकायला जागा लागते तशी ती रुग्णालाही लागते, हे त्यांच्या मिशनने ओळखलं. दादरच्या त्यांच्या धर्मशाळेत आज कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांची माणसं नाममात्र दरात राहतात. इथे परळलाच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. लहान मुलं आणि त्यांच्या आईबापांसाठी 2006 पासून सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. तिथल्या सामायिक स्वयंपाकघरात प्रत्येक आई आपल्या मुलाला आपल्या हातचं करून घालते, ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. आजारी पोराला आईच्या हातची चव लागते, आणि आईच्या हातालाही काम लागतं.

या सगळ्या ठिकाणी जागा अपुरी पडते. म्हणून माझं म्हणणं असं. एका दिवसाच्या पंगतीत जाणाऱ्या पैशात एखाद-दुसऱ्या कुटुंबाचा शेक पुरा होईपर्यंतचा मुक्काम आणि जेवण निभावेल. तेवढ्यासाठी दादरच्या धर्मशाळेला पैसे द्यावेत. कुठल्या कुटुंबासाठी, ते आपण ठरवू नये, ज्यांना गरज रोज दिसते त्यांना ठरवू द्यावं. वाटतानाचा फोटो नको. आणि वहिनीला स्वतःच्या हाताने काही द्यायचं असेल तर तिने शेतातली तूरडाळ पाठवावी. मात्र आधी विचारून, कारण साठवायलाही जागा लागते.

पावती दादाच्या नावे करायची की निनावी, ते वहिनीला विचारून कळव. तुझा निरोप आला की मी दादरला जाऊन कार्यालयात बोलून येते आणि सध्या त्यांना काय हवं आहे ते लिहून पाठवते.

वहिनीला नमस्कार. परीक्षा झाली की इकडे ये.

तुझी,
सुमनआत्या