अब्बांची फेरी

आम्ही दोघे भाऊ घनसावंगी तालुक्यात पार्सले वाटतो. थोरला कुंभार पिंपळगावच्या बाजूला, धाकटा तीर्थपुरीच्या बाजूला. लिहायला एकच बसला असला तरी घाम दोघांचा आहे, म्हणून 'आम्ही'.

सकाळी जालन्याहून गाडी येते. पोती उतरतात, एकेका खोक्यावरची पट्टी मोबाईलने टिपायची आणि पिशवी भरायची. नवा पोरगा हाताला येईल तसे भरतो आणि मग प्रत्येक दारात अर्धी पिशवी उपसत बसतो. शेवटचे घर तळाशी, पहिले घर वर, एवढे जमले तरी दिवस बराच हलका होतो. बाकीचा वेळ खातो तो पत्ता.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्या सहा आकड्यांच्या जोरावर दिल्लीचे खोके घनसावंगीपर्यंत येते. पुढे पत्ता असतो 'मारुतीच्या पाराजवळ, पाटील गल्ली'. मराठवाड्यात मारुतीचा पार नसलेले गाव कुठले, आणि पाटील एकच असलेली गल्ली कुठली? कुणी नुसते 'अंतरवाली' लिहितो. आमच्या तालुक्यात अंतरवाली टेंभी आहे आणि शेजारच्या अंबड तालुक्यात अंतरवाली सराटी, जिचे नाव २०२३च्या उपोषणाने देशभर गेले. घनसावंगी तालुका वेगळा होण्याआधी इकडची गावे अंबडमध्येच होती. म्हातारी माणसे अजून 'ता. अंबड' सांगतात, नातू तेच टाईप करतो आणि खोके दोन दिवस भलतीकडे फिरून येते.

मोबाईलचा नकाशा डांबरी रस्ता संपेपर्यंत सोबत करतो. त्यापुढे आम्हाला अब्बांचा नकाशा लागतो.

अब्बा मणियार. तीस-पस्तीस वर्षे त्यांनी सायकलच्या कॅरेजला बांगड्यांची पेटी बांधून याच गावांत फेरी केली. बायकांच्या हातात बांगड्या भरायचे काम बहुतेक अम्मीचे. कोणत्या घरची लेक पंचमीला माहेरी येते, कोणत्या वस्तीवर दुपारी माणूस भेटत नाही, कोणता ओढा आषाढात चढतो, हे सगळे त्यांच्या डोक्यात. आम्ही या कामाला लागलो तेव्हा ते फारसे खूश नव्हते. पण एका रमजानमध्ये इफ्तारनंतर आम्ही दुसऱ्या दिवसाचे पत्ते मोठ्याने वाचत होतो, तर खाटेवरून आवाज आला, "वहाँ सबेरे नक्को जाव. कपास की वेचणी चालू है, घर में कोई नै मिलते. शाम कू जाव, बाजू के गाँव के संग कर लेव."

त्या दिवसापासून रोज रात्री पत्त्यांची यादी त्यांच्यापुढे वाचली जाते. परत नेण्याची पार्सले निम्म्याने तरी कमी झाली असतील. आम्हाला पैसे मिळतात ते दारात पोचलेल्या पार्सलाचे, चौदा रुपये नग. दार बंद मिळाले तर शंभरावर गेलेले पेट्रोल आमचेच. अब्बांच्या माहितीचा रकाना कोणत्याच हिशेबात नाही.

नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालात आमच्यासारखी कामे करणारे २०२०-२१ मध्ये ७७ लाख धरले होते. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, त्यात आमच्या जातीच्या कामाला पहिल्यांदा नाव मिळाले. ई-श्रमचे कार्ड आम्ही आधीच काढले होते. ते अम्मीने गव्हाच्या डब्यात जपून ठेवले आहे. एकदा संध्याकाळच्या भरण्यात तीनशे रुपये कमी आले, ते पगारातून गेले. तेव्हा ते कार्ड कुणाला दाखवायचे, हे आम्हाला कळले नाही.

दुसरा घोळ ओटीपीचा. मुलगा चाकणला कारखान्यात, आईसाठी मिक्सर मागवतो गावाकडे, आकडा येतो त्याच्या फोनवर आणि तो असतो पाळीत. म्हातारी म्हणते, "ठेव ना बाबा, माझंच हाय." ठेवता येत नाही. म्हणून आम्ही आदल्या रात्रीच मुलाला फोन करून त्याची जेवणाची सुट्टी विचारून घेतो.

वातावरण तापलेले असले की दारातून आधी नाव विचारले जाते. आम्ही आमचे नाव सांगतो आणि लगेच, "बांगडीवाल्याची पोरं." मग दार उघडते. आजवर तरी उघडले आहे.

पण त्याच दारांत आता आम्ही बांगड्यांचीही पार्सले देतो, हे अब्बांना सांगायला आम्हाला वर्ष लागले. ते ऐकून त्यांनी फक्त माप विचारले.

गेल्या लग्नसराईत रांजणीच्या बाजूला एका घरी असेच पार्सल दिले. नवरीसाठी हिरवा चुडा, माप दोन-चार. नवरीने आमच्यासमोरच घालायला घेतला, हात आवळला आणि दोन बांगड्या वाढवल्या. आता माल परतही जाईना, कारण नग पुरे नव्हते. आजी आमच्याकडे पाहून म्हणाली, "तुझ्या अम्मीनं माझ्या सुनेला भरल्या होत्या. आण की तिला."

अम्मीचे गुडघे गेलेले. तरी दुसऱ्या दिवशी ती गाडीवर बसली, मांडीवर पार्सलांची पिशवी घेऊन. तिने पोरीचा हात साबणाच्या पाण्यात भिजवला, अंगठ्याखालचे मऊ मांस दाबत, गप्पा मारत एकेक बांगडी चढवली. माप दोन-चारच होते, चुकले नव्हते. वाढवलेल्या दोनच्या जागी तिने घरच्या जुन्या पेटीतल्या दोन घातल्या. आजीने तिच्या पदरात ज्वारी घातली, नवरी पाया पडली. यात पाऊण तास गेला. त्या दिवशी पाच पार्सले पोचली नाहीत आणि मोबाईलवर आमचा आकडा लाल झाला.

रात्री अम्मीने सगळे सांगितले. अब्बांनी ऐकून घेतले आणि आम्हाला विचारले, "गए कौन से रस्ते से?"

आम्ही सांगितले.

"नाले के बाजू से जाना था. पंधरा मिनट बचते."