सांभाळणे वेगळे, सोसणे वेगळे

मराठी मनात आईची जी मूर्ती बसली आहे, ती पुष्कळदा आई लवकर गमावलेल्या लेकरांनी घडवली आहे. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई लहानपणीच मायबापांना पारखी झाली, नामदेवांच्या घरी वाढली आणि विठ्ठलातच तिने माय पाहिली, असे परंपरा सांगते. साने गुरुजींची आई १९१७ मध्ये गेली तेव्हा ते अठरा वर्षांचेही नव्हते. ‘श्यामची आई’ आले १९३५ मध्ये. या आया म्हाताऱ्या झाल्याच नाहीत. पंचाहत्तरीत उठताबसता घालून पाडून बोलणारी, जवळच्या लेकाला पाण्यात पाहणारी आणि पुण्याला गेलेल्याचे गोडवे गाणारी, हातचे खाऊन वर तळतळाट देणारी माय आपल्या वाचनात क्वचितच येते. म्हणून तिला सांभाळणाऱ्याला आपले दुःख कुणापुढे मांडायलाही लाज वाटते. मी त्या सांभाळणाऱ्यांपैकी आहे, आणि इतक्या वर्षांनंतर माझे मत पक्के झाले आहे की मायीला सांभाळणे हे माझे कर्तव्य आहे, तिचे दुखावणे सोसत राहणे हे नाही. आपण या दोन्हींची एकच मोट बांधली आणि त्यात दोन्ही बिघडले.

कर्तव्य किती, हे कायद्याने स्पष्ट सांगितले आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार धरतो. न्यायाधिकरण दरमहा १०,००० रुपयांपर्यंत रक्कम ठरवू शकते आणि म्हाताऱ्या माणसाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. लग्न झालेली लेकही यातून सुटत नाही. निर्वाहाच्या जुन्या तरतुदीखाली सर्वोच्च न्यायालयाने हे १९८७ मध्येच, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले होते. मला हे सगळे मान्य आहे. मात्र शिव्याशाप ऐकत समोर बसून राहा, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. तो नियम आपण आपल्या मनाने जोडलेला आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो सगळ्यांत वजनदार आहे. तिने काय कमी भोगले? आज ऐंशीच्या आसपास असलेली परभणीकडची बाई निजामाच्या राज्यात जन्मली. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ ला मोकळा झाला, पण मुलींच्या शाळा गावोगाव पोचायला पुढे कितीतरी वर्षे गेली. अंगात समज येण्याआधी लग्न, मग सासुरवास, आणि १९७२ च्या दुष्काळात कडेवर लेकरू घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडणे, हे अनेकींच्या वाट्याला आले. वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये मिळाला. तोवर तिच्या लग्नाला तीस वर्षे होऊन गेली होती. जमीन नावावर नाही, पैसा हाती नाही, तेव्हा घरात आपले चालावे यासाठी तिच्याजवळ जीभ तेवढी उरली. ती तिने आधी सुनेवर चालवली, नंतर लेकरांवर. हे मला कळते आणि त्याने माझा राग निम्मा उतरतो. पण जखम कुठून आली हे कळल्याने जखम भरत नाही. उलट तिने सोसले म्हणून मीही निमूट सोसले, तर पुढे माझ्या लेकरांकडून वसुली करणार ती मीच.

दुसरा आक्षेप आजाराचा, आणि तो कधीकधी खरा असतो. देशातल्या साठीपुढच्या माणसांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. शांत स्वभावाची माय वर्ष-दोन वर्षांत संशयी झाली, दागिने चोरल्याचा आळ घेऊ लागली, तर तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तिला डॉक्टरांकडे न्यायचे असते. ऐकू कमी येणे, ब-१२ ची कमतरता, थायरॉइड, लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग यांनीही म्हाताऱ्या माणसाचे वागणे बदलते आणि यांतल्या पुष्कळ गोष्टींवर इलाज आहे. पण चाळीस वर्षे जी अशीच बोलत आली, तिच्या बोलण्याला आता आजाराचे नाव देणे ही आपण स्वतःची केलेली फसवणूक होय.

‘ही शहरी थेरं, दोन खोल्यांच्या घरात अंतर कुठून राखणार’, असेही म्हणतात. अंतर राखण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. एकाच वाड्यात चूल वेगळी मांडून भावाभावांनी नाती टिकवली आहेत. वेळेवर ताट वाढावे, गोळ्या द्याव्यात, पाय चेपावेत, आणि बोलणे वाकड्यात शिरले की ‘माय, यावर मी बोलत नाही’ एवढे म्हणून कामाला लागावे. दवाखान्याची एक फेरी, महिन्यातले चार दिवस बाहेरगावच्या भावंडाने अंगावर घ्यावेत, नुसते फोनवरून सल्ले देऊ नयेत. लोक नावे ठेवतील. ती लोकं रात्री उशाशी बसायला येत नाहीत. आणि माय गेल्यावर पस्तावशील, हे जे ऐकवतात, त्यांना माझे उत्तर एवढेच की सोसून सोसून एके दिवशी म्हाताऱ्या माणसावर हात उगारला जाणे, याहून मोठा पस्तावा मला दिसत नाही. मायीची माया शेवटी तरी मिळेल ही आशा मात्र सोडावी लागते. मला सगळ्यांत जड तेच गेले.

टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि त्यावर मराठीत बोलता येते. सांभाळणाऱ्यानेही तो लावावा.