गवत भिजवून द्या

कोल्हापुरात टांग्यांचे दिवस सरले, पण घोडे सरलेले नाहीत. रंकाळ्यावर पोरांना फेरी मारून आणणारे आहेत, वरातीच्या घोड्या आहेत. आमच्या मोहल्ल्यातल्या एका चाचांकडे अशीच एक पांढरी घोडी आहे. चाचांना उर्दू वाचता येते, इंग्रजी नाही, म्हणून औषधाची चिठ्ठी माझ्याकडे येते. मागच्या पावसाळ्यात "टीचर, काय लिवलंय बघा की" म्हणत त्यांनी जी पुढे केली, तिच्यात डेक्सामेथासोनचे इंजेक्शन होते, श्वासनळ्या सैल करणारे एक औषध होते आणि खाली मराठीत एक ओळ होती: गवत भिजवून द्या. चाचांनी औषधांबद्दल दहा प्रश्न विचारले. त्या ओळीबद्दल एकही नाही.

घोडीला ताप नव्हता, खाणेपिणेही ठीक होते, पण उभ्या जागी धाप लागत होती. निरोगी घोडा विश्रांतीत मिनिटाला साधारण 8 ते 16 श्वास घेतो. हिला मात्र श्वास सोडताना पोट आत ओढावे लागत होते, इतके की बरगड्यांच्या कडेने रेघ उमटायची. घोड्याला आपल्यासारखा तोंडाने श्वास घेता येत नाही. जे काही आत जायचे ते नाकातूनच.

कुरआनातल्या सूरह आदियातची सुरुवात धापा टाकत दौडणाऱ्या घोड्यांच्या शपथेने होते. ती धाप दौडीची. दावणीला बांधलेल्या जनावराची धाप बघवत नाही.

हा घोड्याचा दमा. आपल्याकडे चार महिने पाऊस, घर गल्लीत, गवताच्या पेंढ्या पत्र्याखाली रचलेल्या. त्यांना ओल लागते, बुरा येतो. पेंढी झटकली की धुरळा उडतो आणि घोडी दिवसभर त्यातच नाक खुपसून असते. तो धुरळा आणि बुरशी फुप्फुसाला सोसत नाही. आतून सूज येते, नळ्या आवळतात, चिकट कफ साठतो. डेक्सामेथासोन ती सूज उतरवते. दोन-तीन दिवसांत घोडी मोकळी होते आणि मालकाला वाटते, रोग गेला. गवत तेच असते, म्हणून धाप परत येते. मग चिठ्ठी न दाखवता तीच बाटली पुन्हा आणली जाते. स्टेरॉईडच्या अशा वापराने खुराच्या आतल्या भागाला सूज येण्याचा धोका असतो. वरातीच्या घोडीचे पायच गेले तर घरात चूल कशावर पेटणार? चाचांना मी फक्त एवढेच विचारले.

उर्दूत जनावरांच्या वैद्याला सलोतरी म्हणतात. शब्द फारसी वाटतो, पण आला आहे शालिहोत्र ऋषींच्या नावावरून. रेख्तीसाठी ओळखले जाणारे शायर सआदत यार खाँ 'रंगीन' यांनी घोड्यांवर फरसनामा लिहिला. फिलॉट यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद 1911 साली छापला गेला. वर्गात रंगीन शिकवताना हे सांगितले की मुले हसतात. जुन्या नुस्ख्यांचा मला आदर आहे. चाचाही गूळ-ओव्याचा गोळा चारतात. घोडी तो आवडीने खाते. धुरळा मात्र तिथेच राहतो.

प्रत्येक खोकला दम्याचा नसतो, हेही सांगायला हवे. जबड्याखाली गाठ येऊन पिकली तर तो वेगळा संसर्ग. तिथे शेक आणि गाठ फुटू देणे हे कधी प्रतिजैविकापेक्षा आधी येते, आणि जनावर इतरांपासून वेगळे बांधावे लागते. नाकातून घट्ट पू, आत फोड, अंगावर गाठी दिसल्या तर ग्लँडर्सची शंका घ्यायची. 2006 साली ही साथ महाराष्ट्रात पाचगणीसारख्या ठिकाणी येऊन गेली आहे. तिथे औषध करायचेच नसते. रोग माणसाला होतो, जीवही घेतो. रक्ताचा नमुना हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासला जातो आणि रोग ठरला तर घोड्याला मारावे लागते. 1899 पासून तसा कायदा होता, आता 2009 चा आहे. या भीतीने लोक नाक वाहणारा घोडा लपवतात, गुपचूप इंजेक्शने देतात. रोजीरोटीच दावणीला बांधलेली असते, त्यामुळे लपवणाऱ्याला नुसते अडाणी म्हणून मोकळे होणे मला जमत नाही. पण त्याच दावणीशेजारी त्याची पोरे झोपतात.

चाचांच्या घोडीच्या नाकात तसले काही नव्हते. डॉक्टरांनी आधी तेच पाहिले होते. चाचांनी दोन वराती सोडल्या, पेंढ्या दुसरीकडे हलवल्या, घोडीला दिवसा उघड्यावर बांधायला जागा मागून घेतली. औषध सांगितले तेवढेच दिवस दिले आणि सांगितले तसे कमी केले. आता पाटीत गवत बुडवून ठेवतात. उन्हाळ्यात भिजलेले गवत संध्याकाळपर्यंत आंबते, म्हणून दोनदा भिजवावे लागते. नळाला पाणी येते सकाळी एकदाच. संध्याकाळच्या पाटीसाठी गल्लीतल्या तीन घरांतून एकेक बादली जाते, त्यातली एक आमची.