अकराव्या घाताचे शेजारी

सोसायटीच्या ग्रुपवर सभासदांची एक्सेल यादी आली. नाव, फ्लॅट, मोबाइल. आधी ९१ लावल्यामुळे प्रत्येक नंबर बारा अंकी झालेला, आणि अकरा अंकांपलीकडची संख्या एक्सेल पूर्ण दाखवत नाही. तळमजल्यावरचे काका, समोरच्या डॉक्टरीणबाई आणि गच्चीखालचे भांडकुदळ गृहस्थ, तिघांच्या नावापुढे एकच : ९.१९८२३ई+११. कोणालाही फोन करा, लागेल तो शेजारीच.

फोन नंबरला ही दहाच्या घाताची मांडणी शोभत नाही. त्यातला शेवटचा अंक पहिल्याइतकाच मोलाचा. सूर्य मात्र साधारण पंधरा कोटी किलोमीटरवर आहे, आणि वर्षभरात हे अंतरच पन्नास लाखांनी कमीजास्त होतं. तिथे शेवटचे पाच-पन्नास किलोमीटर कोण विचारतो? दीड गुणिले दहाचा आठवा घात, झालं. जेवढं ठाऊक तेवढंच बोलायचं, ही रीत मला आवडते.

बारावीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नसे, लॉग टेबल चाले. आमच्या घरातलं टेबल थोरल्या बहिणीकडून आलेलं, पानांच्या कडा कुरतडल्यासारख्या, ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा. ॲव्होगॅड्रोचा आकडा, ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात, घेऊन बसायचं. साठची ओळ, दोनचा रकाना : ७७९६. मग बोट सरकवत उजवीकडच्या मीन डिफरन्समध्ये दोनाखालचा १ मिळवायचा. ७७९७. आणि पुढ्यात तो तेवीस जसाच्या तसा येऊन बसे : २३.७७९७. घातांक टेबलात शोधावाच लागत नाही, तो आधीच हातात असतो, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. प्लांकच्या स्थिरांकाला मात्र घाम फुटे. ६.६२६ गुणिले दहाचा उणे चौतिसावा घात : बार चौतीस पॉइंट ८२१३. डोकं उणे, शेपूट अधिक. ३४ च्या माथ्यावरची ती आडवी रेघ जरा लांबली की ८२१३ सुद्धा तिच्याखाली जाई आणि गणित बोंबले. बारमधून बार वजा करताना वर्गात जी शांतता पसरे, तशी प्रार्थनेलाही पसरत नसे.

आणि पाठ काय होतं? ६.०२२. घडाघडा. खरं वजन वरच्या बारक्या आकड्यात. सहाचे सात लिहिले तर उत्तर सहाव्या हिश्श्याएवढं बिघडतं. २३ चे २४ झाले की दहापट.

वर चढायची हौस जुनी. आर्किमिडीजने सिराक्यूजच्या जेलॉन राजासाठी अख्खं विश्व वाळूनं भरलं आणि कण दहाच्या त्रेसष्टाव्या घातापलीकडे जाणार नाहीत असं दाखवलं, तेही दहा हजारांपुढे नाव नसलेल्या भाषेत. आपल्याकडे लीलावतीत एकंपासून परार्धापर्यंत अठरा नावं आहेत, म्हणजे सतराव्या घातापर्यंत. निखर्व, जलधी : काय नावं आहेत! पण त्या यादीत खाली उतरायला पायरी नाही, आणि इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानासाठी किलोग्रॅममध्ये एकतीस पायऱ्या उतराव्या लागतात. नावांचा कितीही लोभ असला तरी इथे घातांकच हवा.

ॲव्होगॅड्रोचा आकडा पूर्वी मोजून काढत, आणि शेवटच्या अंकांबद्दल शंका उरत असे. २० मे २०१९ पासून तो ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात, असा कायमचा ठरवून टाकला आहे. त्यापुढे आता एकही अंक शोधायचा उरलेला नाही.